तापीकाठची एक दिवसाची वाट

वारकऱ्याला वाटाड्या लागत नाही, असे आपण मानतो. विणेकऱ्याच्या मागे चालायचे, दिंडी थांबली की थांबायचे, निघाली की निघायचे. पुढचे गाव कोणते, पाणी कुठे मिळते, सावली कुठे आहे, हे पायांना ठाऊक झालेले असते. त्यामुळे गेल्या फाल्गुनात आम्ही एका दिवसापुरती गाडी ठरवली आणि नदीकाठच्या गावांचा इतिहास सांगायला एका निवृत्त शिक्षकांना मानधन देऊन सोबत घेतले, तेव्हा आईने पहिला प्रश्न केला, “मास्तर मला काय वाट दाखवतील? मुक्ताईची वाट मला माहीत नाही का?”

प्रश्न रास्त होता. श्री संत मुक्ताईंच्या पालखीबरोबर आई सव्वीस वर्षे पंढरपूरला चालत गेली आहे. मानाच्या सात पालख्यांतली ही खानदेशची पालखी. कोथळीहून निघून बुलढाणा, जालना, बीड हे जिल्हे ओलांडत, पाचशे किलोमीटरहून अधिक वाट चालून, महिन्याहून जास्त दिवसांनी ती चंद्रभागेच्या काठी पोहोचते. दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चालणे बंद करायला सांगितले. त्या आषाढात वाखरीला संतांच्या पालख्यांच्या भेटीचा सोहळा तिने घरी बसून दूरदर्शनवर पाहिला. टाळ मांडीवर होते, पण तिने ते वाजवले नाहीत. ते पाहून मला गाडीची कल्पना सुचली. “ही वारी नव्हे, नुसती गावे पाहायला जायचे,” असे सांगितले, तेव्हा कुठे ती तयार झाली.

बेत असा होता. पहाटे जळगावहून निघायचे, पूर्वेला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आणि मेहूण करायचे, कोथळीला दर्शन घ्यायचे. दुपारी उलटे पश्चिमेला वळून चोपड्यावरून तापीच्याच काठी असलेल्या थाळनेरला जायचे. संध्याकाळी बोरीकाठचे अमळनेर गाठायचे आणि रात्री घरी यायचे. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असे सारे आईने बांधून घेतले होते. काठी आणि टाळही घेतले होते. टाळ कशाला, हे मी विचारले नाही.

गाडीत बसताच मास्तरांनी आपली रीत सांगितली. “जे दगडावर कोरलेले आहे किंवा कागदावर लिहिलेले आहे, ते मी ‘आहे’ म्हणून सांगेन. जे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, ते ‘परंपरा सांगते’ म्हणून सांगेन. आणि जिथे मला काहीच ठाऊक नाही, तिथे मी गप्प बसेन.”

आई म्हणाली, “गप्प बसायचेही पैसे घेता का, मास्तर?”

मास्तर हसले. म्हणाले, “त्याचेच जास्त घ्यायला हवेत.”

भुसावळ, वरणगाव मागे पडले तेव्हा उजाडत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, मधूनच कापणीला आलेली दादर. मास्तर नदीविषयी बोलू लागले. तापी सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि पश्चिमेला सुमारे ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. पूर्णाही त्याच बैतूल जिल्ह्यातल्या डोंगरांतून निघते. एकाच मुलुखात जन्मलेल्या या दोघी जन्मतःच वेगळ्या वाटांनी जातात. एक बऱ्हाणपुरावरून येते, दुसरी वऱ्हाडातून. त्यांची भेट होते ती चांगदेवाला. तापीला सूर्याची कन्या म्हणतात आणि तिचा जन्मदिवस आषाढ शुद्ध सप्तमीला साजरा होतो. हे ऐकून आई म्हणाली, “म्हणजे तापीच्या वाढदिवसाला आम्ही वारकरी तिच्याजवळ नसतोच. तेव्हा पंढरी चार दिवसांवर आलेली असते.” सव्वीस वर्षांत हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

चांगदेव गावी संगमाच्या काठावर चांगदेवांचे दगडी मंदिर आहे. बांधणी यादवकालीन धाटणीची, कोरीव काम देखणे. भारतीय पुरातत्त्व विभागाने ते संरक्षित केले आहे. हतनूर धरण झाल्यापासून, म्हणजे १९८२ पासून, धरणाचा फुगवटा इथवर येतो, त्यामुळे संगमाचे पाणी आता समुद्रासारखे रुंद दिसते. महाशिवरात्रीची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. पताकांच्या दोऱ्या अजून लोंबत होत्या आणि घाटावर नारळाच्या शेंड्या पडलेल्या होत्या.

मास्तरांनी इथे एक गोष्ट सोडवून सांगितली, ती अनेक भाविकांना उपयोगी पडेल. खानदेशाच्या इतिहासात चांगदेव हे नाव दोनदा येते. चाळीसगावजवळ पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची हकीकत त्यात आहे. ते चांगदेव ज्योतिषी, यादवांच्या दरबारातले. मुक्ताईंचे शिष्य झालेले योगी चांगदेव त्यानंतरच्या काळातले आणि निराळे. त्यांची समाधी गोदावरीकाठी पुणतांब्याला आहे.

“मंग चौदाशे वर्षांचं काय?” आईने विचारले. चांगदेव चौदाशे वर्षे जगले, हे ती कीर्तनांतून ऐकत आली होती.

“ते परंपरा सांगते,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे तुम्हाला खोटं वाटतं.”

मास्तर थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बाई, चांगदेवांनी कोरा कागद पाठवला आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून माउलींनी पासष्ट ओव्यांत उत्तर लिहिले. ती चांगदेव पासष्टी आजही आपल्या हातात आहे. परंपरेने एका बाजूला चौदाशे वर्षांचा योगी उभा केला आणि दुसऱ्या बाजूला बारा-चौदा वर्षांची मुलगी. तो योगी तिच्या पायाशी बसला. एवढे अंतर ओलांडून माणूस शिकायला तयार होतो, हे परंपरेला सांगायचे होते. माझ्या वर्गातल्या पोरांना हे कधी इतक्या थोडक्यात सांगता आले नाही.”

आई काही बोलली नाही, पण तिथून पुढे ती त्यांच्या शेजारून चालू लागली.

मला त्या घाटावर वाटाड्या या शब्दाचा विचार करावासा वाटला. चांगदेवांना सिद्धी होत्या, कीर्ती होती, शिष्यांचा परिवार होता. पत्र लिहायला बसले तेव्हा समोरच्याला तीर्थरूप लिहावे की चिरंजीव, एवढेच उमगेना. वयाने लहान आणि ज्ञानाने मोठा असा माणूस त्यांच्या वाटेत कधी आलाच नव्हता. वाट ठाऊक आहे या समजुतीनेच माणूस अडतो. मुक्ताई त्यांच्या वाटाड्या झाल्या. आपण वारकरी मुक्ताईंना माय म्हणतो, बहीण म्हणतो, गुरू म्हणतो. त्यांचे हे वाटाडेपणही आठवणीत ठेवायला हवे.

तिथून मेहूण जवळच आहे. तापीकाठच्या या परिसरात मुक्ताई गुप्त झाल्या, असे परंपरा सांगते. शके १२१९, वैशाख वद्य दशमी. म्हणजे इसवी सन १२९७. त्याच्या आदल्या वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला माउलींनी समाधी घेतली होती. त्यानंतर सासवडला सोपानदेवांनी. मास्तरांनी या तिथ्यांच्या शेजारी आणखी एक घटना ठेवली. १२९६ सालीच अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवराव यादवांना खंडणी देऊन तह करावा लागला. भावंडे एकामागोमाग एक निघून जात होती आणि त्याच सुमारास मराठी मुलुखाचे राज्य खिळखिळे होत होते. आपण समाधीच्या तिथ्या पाठ करतो, पण त्या तिथ्यांच्या बाजूने कसले वारे वाहत होते, ते क्वचित पाहतो. भावंडांमागे उरलेले संत तीर्थाटन करत तापीकाठी आले, वादळ उठले, वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशा झाल्या. ही कथा ऐकताना त्या काळातले दुसरे वादळही मनात धरले, तर ती अधिक खोल जाते.

मेहूणला मुक्ताईंचे मंदिर आहे, कोथळीलाही आहे, आणि ज्याचे गाव पूर्वी एदलाबाद होते त्याच्या गावाला आज मुक्ताईनगर म्हणतात. भाविक सगळीकडे माथा टेकतात. पण मुक्ताई नेमक्या कुठल्या दगडापाशी, कुठल्या झाडापाशी गुप्त झाल्या, हे कोण सांगणार? मास्तर इथे ठरल्याप्रमाणे गप्प बसले.

तेव्हा आई बोलू लागली. काठीवर दोन्ही हात ठेवून ती पाण्याकडे तोंड करून उभी होती. पालखी निघायच्या दिवशी कोथळीत कशी गर्दी होते, पहिल्या मुक्कामालाच पायांना कसे फोड येतात, बुलढाण्याचा घाट चढताना कोण कोणाचे गाठोडे घेते, पावसाने दगा दिला की गावकरी शाळेचे वर्ग कसे उघडून देतात, बीडच्या मुलुखात पाण्याचे हाल असताना एका म्हाताऱ्याने आपल्या बैलांच्या वाट्याचे पाणी दिंडीला कसे दिले. पाऊण तास ती बोलत होती. मास्तरांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेऊ लागले. वाटाड्या कोण आणि वाटसरू कोण, हे त्या घटकेला ठरवता आले नसते.

जिथे समाधी नाही, तिथली आठवण सातशेहून अधिक वर्षे टिकली. ती दगडांनी टिकवलेली नाही. दरवर्षी कोणीतरी निघाले, चालले, परत आले आणि पुढच्याला सांगितले, म्हणून ती टिकली. तिथे उभे असताना मला वाटले की एवढे समजले, आता परत फिरायला हरकत नाही. पण दिवस अजून अर्धाही झाला नव्हता.

कोथळीला दर्शन घेतले. रस्त्याकडेच्या निंबाखाली भाकरी खाल्ली. जळगाव ओलांडून विदगावच्या पुलावरून आम्ही तापीच्या उत्तरेला गेलो आणि उजव्या हाताला सातपुडा ठेवून पश्चिमेला निघालो. उन्हे चढली होती. डोंगराच्या पायथ्याला पळस फुललेला दिसत होता. आई पुढच्या सीटवर डुलक्या घेत होती.

थाळनेर आज शिरपूर तालुक्यातले एक गाव आहे. सहाशे वर्षांपूर्वी ते राजधानी होते. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला आणि त्यातून खानदेशचे फारुकी राज्य उभे राहिले. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला, तापीच्याच काठी बऱ्हाणपूर वसवले आणि राज्याचे बूड तिकडे सरकले. पुढे १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकला आणि फारुकी राज्य संपले. थाळनेरला त्या पहिल्या राजांच्या कबरी उरल्या आहेत. त्यांतली एक अष्टकोनी आहे. भोवती गवत वाढलेले होते आणि दोन शेळ्या सावलीला बसल्या होत्या.

आईने बाहेरच चपला काढल्या. मी म्हणालो, “आई, काटे आहेत. आणि हे काही मंदिर नाही.”

ती म्हणाली, “कोणाची तरी माणसं निजलीत नं इथं?”

किल्ला नदीच्या अगदी काठावर होता. आता मातीचा उंचवटा आणि थोडे ढासळलेले बांधकाम एवढेच दिसते. खाली तापी संथ वाहते. त्या उंचवट्यावर मास्तरांनी आम्हाला बसवले आणि २७ फेब्रुवारी १८१८ ची हकीकत सांगितली.

महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला होता. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने खानदेशातला त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन दक्षिणेकडे निघाला होता. वाटेत थाळनेर लागले. किल्लेदार तुळशीराम मामा यांनी किल्ला सोडला नाही. तोफा चालल्या. दुपारनंतर बोलणी सुरू झाली आणि किल्लेदार बाहेर आले. एकामागून एक दरवाजे उघडत गेले. शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून काही इंग्रज अधिकारी आत शिरले. शिबंदीत अरब शिपायांचा भरणा होता. एकमेकांची भाषा समजत नव्हती, कोणत्या अटींवर शस्त्रे ठेवायची हे ठरलेले नव्हते. तिथे झटापट झाली, अधिकारी मारले गेले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि आतल्या जवळजवळ सगळ्या माणसांची कत्तल झाली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिले. तह झालेला असताना प्रतिकार केला, हा त्यांचा गुन्हा. या प्रकाराबद्दल पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्येही प्रश्न उठले.

आई ऐकत होती. मग तिने विचारले, “त्या माणसांची नावं?”

“तुळशीराम मामा.”

“ते झाले किल्लेदार. बाकीच्यांची?”

मास्तर गप्प बसले. सकाळी मेहूणला बसले होते तसेच. पण त्या दोन गप्पांत फरक होता. मेहूणला मास्तर थांबले तिथून आई बोलू लागली होती. थाळनेरला मास्तर थांबले तेव्हा पुढे बोलायला कोणीच नव्हते. खाली नदीकडून वारा आला तेवढाच.

“यांची पालखी नाही,” आई म्हणाली. “यांच्यासाठी कोणी चालत नाही.” मग तिने पिशवीतून टाळ काढले. तिने भजन म्हटले नाही. तीन वेळा ‘रामकृष्ण हरी’ म्हटले, टाळ पुन्हा पिशवीत ठेवले आणि उठली.

वाचकहो, त्या दिवशी मला जे कळले ते इथे लिहून ठेवतो. आपण वारकरी आठवण जपणारे लोक आहोत. तिथी, पालखी, पादुका, पुण्यतिथी यांतून आपण आपल्या संतांना पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले. जगात असे फार थोड्या लोकांना जमले असेल. पण ज्यांच्या मागे परंपरा आहे, त्यांचीच आठवण परंपरा ठेवते. ज्यांच्यासाठी कोणी चालले नाही, त्यांचे काय? परमुलुखात पोटासाठी शिपाई झालेला आणि थाळनेरच्या दरवाजात पडलेला माणूस कोणाच्या तरी घरचा होता. त्याची आठवण कोणी ठेवायची? तिथे इतिहासाची गरज लागते. मास्तरांसारखा माणूस जुनी पाने चाळतो आणि सांगतो की इथे माणसे मेली, एवढी नावे सापडली, एवढी सापडली नाहीत. भूतदया हा आपला धर्म असेल, तर ही सुद्धा भूतदयाच आहे. म्हणून वारकऱ्याने इतिहास ऐकावा. श्रद्धा तपासून घेण्यासाठी नव्हे, तर श्रद्धेच्या वाटेवर जी माणसे लागत नाहीत, त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी.

उन्हे कलताना पूल ओलांडून पुन्हा तापीच्या दक्षिणेला आलो आणि अमळनेरला पोहोचलो. अमळनेरला खानदेशातली माणसे प्रतिपंढरपूर म्हणतात. गावाशेजारून बोरी वाहते आणि पुढे तापीला मिळते. पंढरीला चंद्रभागेचे वाळवंट, तसे इथे बोरीचे. त्या नदीपात्रातच संत सखाराम महाराजांचे समाधिमंदिर आहे. महाराजांनी समाधी घेतली ते साल शके १७४०, म्हणजे इसवी सन १८१८. तिकडे थाळनेरला किल्ला पडला, तेच साल. मधले अंतर इतके थोडे की आम्ही ते संध्याकाळच्या चहाआधी ओलांडले होते. २०१८ मध्ये महाराजांच्या समाधीची द्विशताब्दी अमळनेरला मोठ्या प्रमाणावर साजरी झाली. वैशाख शुद्ध एकादशीला इथे रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. राज्य बदलले, सरकार बदलले, पण वैशाखातली ती एकादशी गावाने कधी सोडली नाही.

“थाळनेरलाही २०१८ मध्ये दोनशे वर्षे झाली,” मास्तर म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

मग त्यांनी साने गुरुजींचा विषय काढला. गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयाची मुले सांभाळत होते. नंतर सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये पांझरेकाठच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर दर रविवारी अठरा प्रवचने दिली, ती लिहून घेतली गुरुजींनी. ‘गीताप्रवचने’ आज आपल्या हातात आहे ती त्या लेखणीमुळे. आणि १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असताना, गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. हरिजन बांधवांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश मिळावा, ही त्यांची मागणी होती. १ मे ते १० मे असे दहा दिवस उपोषण चालले. मंदिर सगळ्यांना खुले करण्याचे ठरले, तेव्हा ते सुटले.

शेकडो वर्षे आपण संतांच्या अभंगांतून भेदाभेद नको म्हणत आलो. चोखोबांचे नाव घेतल्याशिवाय आपले भजन पुरे होत नाही. तरी चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे आणि त्यांच्या जातीची माणसे १९४७ पर्यंत त्या महाद्वाराच्या बाहेरच उभी होती. वारी तीच चालत होती, दिंडी त्यांचीही होती, कळसाला हात जोडून ती परत फिरत होती. परंपरेला आपल्याच दारातली माणसे दिसेनाशी होतात, तेव्हा कोणीतरी यावे लागते आणि ती दाखवून द्यावी लागतात. अमळनेरच्या एका शिक्षकाने ते काम केले.

अंधार पडत होता. समाधिमंदिरातून हरिपाठाचे सूर येत होते. आई नदीपात्रातल्या पायरीवर बसली होती. हरिपाठ संपल्यावर ती माझ्याकडे न पाहता बोलू लागली.

“माझ्या पहिल्या वारीला आमच्यात एक बाई होती. माझ्याच वयाची. गळा असा गोड, की ती गवळण म्हणायला लागली की पुढची दिंडी मागं वळून पाहायची. पण पंगत बसली की ती शेवटाला, जरा अंतर सोडून बसायची. कोणी तिला तसं सांगितलेलं मी ऐकलं नाही. आणि कोणी तिला जवळ ये म्हणलेलंबी ऐकलं नाही. मीबी नाही म्हणलं. दुसऱ्या वर्षी ती आली नाही.”

मी विचारले, “तिचं नाव काय होतं?”

“तेच आठवतेय केव्हाची,” आई म्हणाली. “थाळनेरपासून. येत नाही.”

मास्तर आमच्या मागे उभे होते. त्यांनी ऐकले असावे. ते काही बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर गाडीत फारसे कोणी बोलले नाही. गाडीच्या काट्यावर तीनशेहून जास्त किलोमीटर झाले होते. पायी हे अंतर पंधरा-वीस दिवसांचे. गाडीतून केलेला प्रवास वारी होत नाही, हे आईचे म्हणणे मला आजही मान्य आहे. वारीत देह झिजतो आणि देहाबरोबर बरेच काही झिजते. गाडीत देह बसून राहतो. पण नऊ भक्तींत पहिली श्रवणभक्ती आहे, आणि बसूनच ऐकायचे असते. ज्यांचे गुडघे आता चालू देत नाहीत अशा आपल्या घरोघरच्या माउलींना एखादा दिवस असे नदीकाठी न्यावे. सोबत जाणता माणूस असावा. त्याला ठाऊक असेल ते त्याने सांगावे आणि नसेल तिथे गप्प राहावे. पुष्कळदा त्यानंतर जे बोलणे निघते, ते त्या म्हाताऱ्या वारकऱ्यांच्या तोंडून निघते आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते. ते लिहून घ्यावे.

चालणाऱ्यांनाही एक विनंती आहे. दिंडी ज्या गावी मुक्कामाला थांबते, तिथल्या एखाद्या शिक्षकाला, एखाद्या वयस्कर माणसाला कीर्तनाआधी पाव तास त्या गावाची हकीकत सांगायला बोलवावे. गावात कोणता लढा झाला, कोणता दुष्काळ पडला, कोणाची नावे राहिली, कोणाची गेली. आपण त्या गावचे पाणी पितो, त्याच्या शाळेत निजतो. त्याची गोष्ट ऐकणे एवढे तरी देणे लागतो. मास्तरांनी येत्या वर्षी मुक्ताईंच्या पालखीबरोबर पहिले तीन मुक्काम चालायचे कबूल केले आहे. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांची ती पहिली वारी असेल.

आईचे म्हणाल, तर ती पालखी निघायच्या दिवशी कोथळीला जाणार आहे, निरोप द्यायला. त्याआधी तिने एक काम काढले आहे. फडातल्या जुन्या बायकांना एकेक करून फोन लावते आणि विचारते, त्या वर्षी आपल्यात गवळण म्हणणारी बाई होती, ती कोणत्या गावची, तिचे नाव काय. दोघींना ती बाई आठवते. एकीला गावही आठवले, यावल की रावेर एवढे नक्की नाही.

नाव अजून सापडलेले नाही. फोन चालू आहेत.

रामकृष्ण हरी.